डागवाल्या आत्याची भिंत

"घासलंत ना?" आत्यानं विचारलं.

काउंटरपलीकडचे गृहस्थ म्हणाले, छे, अजिबात नाही.

"घासलंय."

"अहो बाई, नुसतं जरा पाणी लावून..."

"घासलंय. वर साबण लावलाय. आणि मग तसाच पंख्याखाली वाळत टाकलाय. ही कड बघा." तिनं त्या क्रीम रंगाच्या कोटाची बाही ट्यूबलाइटखाली धरली. चहाचा डाग जवळजवळ गेला होता, पण त्याच्या भोवती तपकिरी रेघ बसली होती, नकाशातल्या बेटाला असते तशी. "डाग मी काढला असता. तुम्ही केलेली कड कोण काढणार? ठेवून जा. बघते. पण जाईल असं म्हणणार नाही."

गृहस्थ कोट ठेवून निघून गेले. मागून इस्त्रीवाला म्हणाला, "बाई, मालकांना सांगा, दारावर पाटी लावा. इथे डागांबरोबर गिऱ्हाइकंही काढून मिळतील."

"तू पँट बघ. पायाला दोन-दोन क्रीज पाडतोस, लोक जिन्याच्या पायऱ्या मोजतात तशा मोजतील."

लाँड्रीत ती डागवाल्या बाई. घरी भाऊ तिला ताई म्हणे, भावजय वन्सं म्हणे आणि भाची आत्या. खऱ्या नावानं कुणी हाक मारलीच तर कुणाला बोलावतायत म्हणून तीच मागे वळून बघायची. आपण तिला आत्या म्हणू, कारण त्या हाकेवर तिचा राग सगळ्यात कमी होता.

राग तिच्या नाकावर कायम बसलेला. चष्म्यासारखा. लाँड्रीच्या मागच्या खोलीत मात्र तो तेवढ्यापुरता उतरायचा. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर कपडा, हातात दुसरं फडकं. डाग घासायचा नाही, टिपायचा. बाहेरून आत यायचं. एक थाप आणि उचल, एक थाप आणि उचल, आणि वाळू द्यायचं नाही, कारण वाळलं की कड आली. कड म्हणजे या धंद्यातली बेअब्रू. डोळे मिटले तरी तिचा हात ते काम करत राहिला असता.

घरी आल्यावर राग परत नाकावर.

घर बाबांचं. लग्न मोडल्यावर ती तिथे परत आली, बाबांचं शेवटचं आजारपण तिनंच काढलं, आणि ते गेल्यावर घर भावाचं झालं. कसं झालं ते कुणी सांगितलं नाही. एक दिवस दारावरची पाटी बदलली, एवढंच. त्या पाटीवर भाऊ होता, वहिनी होती, भाची होती. आणि भाऊ भेटेल त्याला, डॉक्टरांना, लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना, गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा सांगायचा, "ताईचं काय, आम्ही सांभाळतोच की."

सांभाळतोच की! ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सांभाळायला ती काय फुलदाणी होती?

दोन खोल्यांपैकी एक भाऊ-वहिनीची, एक भाचीची. आत्या हॉलमध्ये झोपायची, खिडकीसमोरच्या भिंतीला लागून. सकाळी सगळे उठायच्या आत गादी गुंडाळून सोफ्यामागे, उशी गादीत, कपड्यांची पिशवी स्टोअरच्या कपाटात. "हॉल कसा हॉलसारखा दिसला पाहिजे, वन्सं," असं वहिनीचं म्हणणं. म्हणजे दिवसभर लोकांचे डाग काढायचे आणि त्याआधी सकाळी उठून घरातून स्वतःचा काढायचा. हॉलच्या तीन भिंतींवर भावाची प्रमाणपत्रं, भाचीचा दात पडलेला फोटो, सहलींचे फोटो, घड्याळ. चौथी भिंत वहिनीनं मुद्दाम मोकळी ठेवली होती. मोकळी भिंत बरी दिसते म्हणे. नेमकी आत्याची.

रंगांची पेटी आणली ती भाचीनं. घरात तिला चिऊ म्हणत. चिऊचं शिक्षण संपलं होतं आणि नोकरी लागायची होती, आणि दोन्हींच्या मधल्या काळात ती दर आठवड्याला नवं काहीतरी शिकत असे. या वेळी फोनवर कुणीतरी दाखवलं होतं, घरच्या घरी भिंतीवर लावायला जलरंगाची चित्रं, अगदी सोप्पी. चिऊनं अर्धं फूल काढलं आणि पेटी फ्रिजवर गेली.

सुट्टीच्या दुपारी आत्यानं ती खाली काढली. का, विचाराल तर तिलाही सांगता आलं नसतं. धूळ पुसायला म्हणून काढली आणि उघडली.

"घे ना, आत्या, कर," सोफ्यावर आडवी पडलेली चिऊ म्हणाली. "कागदाच्या चारी कडा चिकटपट्टीनं फळीला चिकटव. हां, ती भाजीची चालेल. आता कागद ओला कर. आता रंग सोड. आणि आता हात लावायचा नाही."

"मग काय करायचं?"

"काही नाही. तो आपला आपण पसरतो. आपण बघत बसायचं."

आत्यानं निळा सोडला. ओल्या कागदावर तो पसरला, एका बाजूनं सुसाट पळाला, कडेला जाऊन साचला. आणि काही कळायच्या आत आत्याच्या हातात स्वयंपाकघरातलं फडकं होतं. एक थाप, उचल. एक थाप, उचल. कागद लख्ख.

"आत्या! पुसलंस काय?"

"पुसलं नाही. टिपलं."

"पण का?"

का! तिला तरी कुठे माहीत होतं? दुसरा कागद घेतला. हिरवा सोडला. हात पुन्हा गेला, हिरवा फडक्यात. तिसऱ्या वेळी चिऊनं फडकं हिसकावून घेतलं, तर आत्यानं बाहीनं टिपलं. चिऊ हसता हसता सोफ्यावरून खाली आली.

"अगं, तू चित्र काढत नाहीयेस, तू चित्र धुतेयस!"

"हसू नकोस. तुझं अर्धं फूल बघितलंय मी."

तेवढ्यात वहिनी आतून आली. "वन्सं, माझी फळी! अहो, त्यावर कोथिंबीर चिरते मी!"

आत्याला सगळ्यांचा राग आला. चिऊचा, फळीचा, पाण्याचा. पाण्याला मेल्याला काही शिस्तच नाही! आणि सगळ्यात जास्त आला स्वतःच्या हाताचा, जो तिला न विचारता तिचं पुसून टाकत होता.

पुढच्या सुट्टीला घरात कुणी नसताना ती पुन्हा बसली. या वेळी वहिनीच्या फळीऐवजी जुन्या कपाटाचा पत्र्याचा कप्पा घेतला. कागद चिकटवला, ओला केला, निळ्यात थोडा काळा मिसळून सोडला आणि ताडकन उठून मोरीत गेली. तिथे करपलेलं पातेलं होतं. ते तिनं घासलं. कामावर जे कधी करता येत नाही ते जीव खाऊन केलं, तारेच्या काथ्यानं, कोपरापर्यंत काळी होऊन. पातेलं चांदीसारखं झालं तेव्हाच बाहेर आली.

कागद वाळला होता. रंग मध्ये फिका पडून कडेला गोळा झाला होता, आणि तिथे गडद, वेडीवाकडी, बारीक रेघ उमटली होती. कड. ज्या कडेसाठी तिनं त्या क्रीम कोटवाल्याला फाडून खाल्लं होतं, तीच. इथे ती लांबच्या डोंगरासारखी दिसत होती. पाऊस उघडल्यावर दिसतो तसा.

कुणी दुसरी असती तर खूश झाली असती. आत्या भडकली. एवढी वर्षं ही रेघ दिसली की तिनं मारली होती, आणि कुणी, एका माणसानं सांगितलं नव्हतं की ही सुंदरही असते.

मग तिनं त्या कडेखाली दुसरी कड आणली, तिच्याखाली तिसरी. डोंगरामागे डोंगर. दुसऱ्या कागदावर पाणी केलं आणि त्यातून टिपून टिपून उजेड काढला. आता फडकं तिनं सांगितलं तेव्हाच जात होतं, आणि सांगितलं तिथेच थांबत होतं. तिसऱ्यावर नुसता निळा, मध्ये टिपलेला पांढरा गोळा. चिकटपट्टी सोलली तशी चारी बाजूंनी पांढरी चौकट निघाली.

"हे काय आहे?" चिऊनं गोळ्याकडे बोट केलं.

"मला काय माहीत? तुला काय दिसतं?"

चिऊनं कागद उचलून उजेडात धरला. "आत्या, मस्त आहे गं," ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

चित्रं रात्रभर गादीखाली ठेवून तिनं सरळ केली आणि जेवताना विषय काढला.

"बंड्या, माझ्या भिंतीला तीन खिळे मारायचेत."

भावाचा घास हातात राहिला. "खिळे? भिंतीला?"

"नाही, तुझ्या डोक्याला."

"ताई, आत्ता तर रंग दिलाय. आणि ती भिंत मोकळी ठेवलीये मुद्दाम. हिची कल्पना आहे ती."

"वन्सं, चित्रं छान आहेत हो," वहिनी म्हणाली. "कोण नाही म्हणतंय? पण चार माणसं येतात आपल्याकडे. तुम्ही असं करा ना, स्टोअरच्या कपाटाच्या दाराला आतून लावा. उघडलं की दिसतील तुम्हाला."

"उघडलं की मला केरसुणीपण दिसते."

"आता याच्यात रागवायचं काय?"

"त्या तीन भिंतींना किती खिळे आहेत बघ. कचेरीत रोज हजर राहिला म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र लावलंय यानं! अरे, हजर तर मीपण राहते. रोज. या घरात."

भाऊ लाल झाला. "हे बघ ताई, आम्ही तुला सांभाळतो म्हणून..."

"म्हणून काय? पुढे बोल."

पुढचं त्यानं घासाबरोबर गिळलं. चित्रं स्टोअरच्या कपाटात, कपड्यांच्या पिशवीखाली गेली. आत्याला काही अख्खी भिंत नको होती. तीन खिळ्यांपुरती जागा हवी होती, दिवसाउजेडी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल की इथे हे तिघं राहतात आणि एक ही पण राहते. तेवढीही नाही म्हटल्यावर ती घरात बोलेनाशी झाली. भांडी तेवढी बोलायची, तीही मोठ्यानं.

आणि मग एके दिवशी लाँड्रीचा बॉयलर बिघडला, मालकांनी शटर दुपारीच ओढलं, आणि आत्या अवेळी घरी आली.

दाराशी अनोळखी चपला होत्या. ती आत गेली आणि उंबऱ्यातच थांबली.

भिंतीवर तिची चित्रं होती. तिन्ही. काळ्या फ्रेमांत, काचेमागे, एका ओळीत.

म्हणजे हे दोघं गुपचूप... तिला न सांगता... कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिला बंड्याचे गाल ओढावेसे वाटले.

"तिन्ही हिनंच काढलीत," वहिनी सांगत होती. "लहानपणापासून हात चांगला आहे हो हिचा."

सोफ्यावर एक नीटनेटक्या बाई बसल्या होत्या. पडदे, दिवे, भिंतीवरच्या वस्तू विकणारं त्यांचं मोठं दुकान होतं, आणि चिऊ किती दिवस तिथे नोकरीसाठी खेटे घालत होती. त्या आज तिचं काम बघायला घरी आल्या होत्या. चिऊ शेजारच्या खुर्चीत स्वतःची नखं बघत बसली होती.

"सुरेख," बाई म्हणाल्या. "हा पांढरा भाग कसा गं केलास? कागद तसाच कोरा ठेवलास?"

"हो. म्हणजे... तसाच."

भावाची नजर दाराकडे गेली. त्याचा चेहरा आधी पडला, मग त्यानं तो उचलून परत लावला. "या आमच्या ताई. आमच्याकडेच असतात, सांभाळतो आम्ही. ताई, जरा चहा टाकतेस?"

आणि काय सांगू, ती गेली! पाय आपोआप गेले, जसा हात जायचा. गॅस पेटवला, पाणी ठेवलं. बाहेरून वहिनीचा आवाज आला, "छे हो, वन्संना कसली आवड. त्या लाँड्रीत असतात ना, त्यांना कुठला वेळ!"

आत्यानं गॅस बंद केला आणि बाहेर आली.

"तसाच ठेवला नाही," ती म्हणाली. "आधी रंग दिला आणि मग फडक्यानं टिपून काढला. ओला असतानाच. मी काढला. तिन्ही चित्रं माझी आहेत."

वहिनी हसली. हसू कुठे ठेवावं ते तिला कळेना. "वन्सं गंमत करतात."

"गंमत तू चालवलीयस."

"ताई, आत जा," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला.

"आत कुठे? सांग ना, आत कुठे जाऊ? माझी खोली हीच आहे. ज्या भिंतीवर तुम्ही चित्रं टांगलीत त्या भिंतीखाली मी झोपते. बघायची का गादी? सोफ्यामागे आहे. बाई पाठ टेकून बसल्यात तिच्यावरच."

बाई चटकन पुढे सरकल्या. मग त्यांनी चिऊकडे पाहिलं. "तू काढलीस की नाही, एवढंच सांग."

चिऊनं आईकडे पाहिलं. वहिनी डोळ्यांनी तिला दटावत होती.

"नाही," चिऊ म्हणाली. "आत्यानं काढलीत."

"बरं," असं म्हणून बाई उठल्या. दाराशी जाऊन त्यांनी चपला घातल्या.

दार लागलं आणि वहिनी फुटली. "झालं समाधान? पोरीच्या पोटावर पाय दिलात!"

"मी दिला?"

"एवढं काय बिघडलं असतं, ताई?" भाऊ म्हणाला. "कुणाच्या का नावावर असेना! घरातल्या घरातच होतं ना?"

"घरातल्या घरात? मग तुझ्या त्या प्रमाणपत्रावर माझं नाव घाल. घरातल्या घरातच आहे ना!"

"आत्या, मी तुला विचारणार होते," चिऊ रडवेली झाली होती.

"कधी?"

"त्या... त्या गेल्यावर."

"अगं, नेल्यावर विचारतात का, नेऊ का म्हणून?" आत्याचा आवाज चिरकला. "आमच्या आत्यानं काढलीत आणि रंग सोडायला तिला मी शिकवलं, एवढं म्हणाली असतीस! खरं होतं ते! त्यात तूही होतीस आणि मीही होते. पण नाही. मला पुसल्याशिवाय तुमचं कुणाचं चित्रच होत नाही!"

भावानं एव्हाना फोन काढून बाईंना लावला होता. स्पीकर चालू करून त्यानं तो आत्यासमोर धरला. "सांग त्यांना. गैरसमज झाला म्हण."

आत्यानं फोन हातात घेतला. "मी आत्या बोलतेय. मघाची. गैरसमज काही झालेला नाही, चित्रं माझीच आहेत."

भावानं कपाळावर हात मारला.

"ते कळलं मला," पलीकडून बाई म्हणाल्या. "वाईट एवढ्याचंच वाटलं की मुलगी खोटं बोलली. उद्या माझ्या गिऱ्हाइकांशीही असंच बोलेल."

इथे आत्यानं फोन ठेवायला हवा होता. सूड आयता चालून आला होता. पण तिचा राग वळला आणि बाईंवर गेला.

"एक मिनिट. खोटं तिचे आईबाप बोलले. तीही एक शब्द बोलली, 'तसाच' म्हणाली, ते मी ऐकलंय, आणि त्यासाठी तिला मी बघून घेईन. पण तुम्ही सरळ विचारलंत तेव्हा तिनं खरं सांगितलं. शेजारी आई डोळे वटारून बसलेली असताना. तुम्ही सांगितलं असतंत? तिच्या आईबापांना घेऊ नका कामावर, माझं काही म्हणणं नाही. तिला घ्यायचं की नाही ते तिला एकटीला समोर बसवून ठरवा."

"बघते," पलीकडून आलं आणि फोन बंद.

"आईबापांना घेऊ नका?" भाऊ ओरडला. "माझ्याच घरात, माझ्याच फोनवरून, मलाच! घर कोणाचं आहे हे?"

"हं," आत्या म्हणाली. "आलं एकदाचं ओठांवर."

ती त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "मीच विचारणार होते तुला. पाटी बदललीस त्या दिवसापासून. धीर होत नव्हता. आता तूच विचारलंस, तर उत्तरही तूच दे. बाबांचं घर. बाबांनंतर कोणाचं? मोठ्यानं बोल, तुझी मुलगी ऐकतेय."

भावानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पडद्याकडे. चिऊ मात्र डोळे पुसून बापाकडेच बघत राहिली, उत्तर खरंच हवं असल्यासारखी.

"तसं नव्हतं म्हणायचं मला," भाऊ म्हणाला.

"कसं होतं?"

"तू पण ना, ताई..." तो खोलीत गेला आणि त्यानं दार हळूच लोटलं. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

वहिनी भिंतीपाशी गेली आणि तिनं डोंगरांच्या चित्राला हात घातला. "फ्रेमा माझ्या आहेत, वन्सं. मी बनवून आणल्यात."

"घे की. फ्रेमा काढून घे, चित्रं तिथेच ठेव."

वहिनीनं चित्र उतरवलं, उलटं केलं, मागचे बारीक खिळे नखांनी उपसायला लागली. एक वाकला. दुसरा हलेना. नख तुटलं. "निघत नाहीये."

"जोरात ओढ."

"काच फुटेल."

"फुटू दे."

वहिनी फ्रेम छातीशी धरून तशीच उभी राहिली. रडायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. मग तिनं चित्र उचललं आणि होतं तिथे परत अडकवलं.

"आजच्या दिवस राहू दे," ती दातांतून म्हणाली. "पण उद्या..."

"उद्याचं उद्या भांडू," आत्या म्हणाली. मघाशी बाई बसल्या होत्या त्या जागी, सोफ्याच्या बरोब्बर मधोमध, ती जाऊन बसली. "चिऊ, रडून झालं असेल तर चहा टाक. पाणी ठेवलंय मी, नुसता गॅस पेटव. आणि आईबाबांनापण विचार, घेणार का."